पाच वर्षांत बुडणारा फंड

चाकण असो, वाळूज असो की बुटीबोरी, कंत्राटी कामगाराच्या पगारातून दर महिन्याला फंड कापला जातो. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कामगाराची, मालकाचा वाटाही तेवढाच, आणि दोन्ही मिळून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भविष्य निर्वाह निधीत जमा व्हायला हवेत. अनेक ठिकाणी पैसे कापले जातात, पण भरले जात नाहीत. कामगाराला हे कळते ते नोकरी सुटल्यावर, मुलीच्या लग्नासाठी अर्ज केल्यावर. कधी तर तो गेल्यावर त्याच्या बायकोला कळते. ही लबाडी जुनीच आहे. नवे आहे ते तिला मिळालेले कायद्याचे संरक्षण.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १२५ नुसार मालकाकडे किती फंड थकला हे ठरवणारी चौकशी रक्कम देय झाल्यापासून पाच वर्षांच्या आतच सुरू करता येते. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यात कलम ७अ च्या चौकशीला अशी मुदतच नव्हती. शिवाय आदेशाविरुद्ध अपील करताना मालकाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागे, न्यायाधिकरणाने सवलत दिली तरच कमी. आता २५ टक्के पुरतात. त्याआधी जून २०२४ मध्येच उशिराबद्दलची नुकसानभरपाई महिन्याला एक टक्का करून ठेवली होती. दीर्घ थकबाकीला पूर्वी हाच दर वर्षाला २५ टक्क्यांपर्यंत जात असे. हे तिन्ही बदल एकत्र वाचले की थकवणाऱ्याचा हिशेब किती सोपा झाला ते दिसते.

लहान कारखानदारांची तक्रार खोटी नाही. पंधरा वर्षांपूर्वीची हजेरीपत्रके मागणाऱ्या नोटिसा येतात, तोवर कागद वाळवीने खाल्लेले असतात आणि हिशेबनीस सोडून गेलेला असतो. कोणता भत्ता वेतनात धरायचा याचा वाद तर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मिटवेपर्यंत भल्याभल्यांना कळला नव्हता. अशा वादांना मुदत असावी, हे आम्हाला मान्य आहे. पण पगारातून कापलेल्या पैशाबद्दल वाद कसला? तो कामगाराचा पैसा आहे, त्याच्याच पगारपत्रकावर त्याची नोंद आहे. कापून न भरणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे, असे दंडसंहितेने १९७३ मध्येच स्पष्ट केले आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्येही ते कायम आहे. हिशेबाचा प्रामाणिक वाद आणि उघड अपहार यांना संहितेने एकच पाच वर्षांची मुदत लावली, हा तिचा सर्वांत मोठा दोष.

ही मुदत कामगाराला कळण्यापासून मोजली जात नाही, हे तर अधिकच गंभीर. कंत्राट दर दोन-तीन वर्षांनी बदलते. कामगार त्याच यंत्रावर राहतो, फक्त मालकाचे नाव बदलते. नवा कंत्राटदार कधी नवा यूएएन (फंडाचा सार्वत्रिक खाते क्रमांक) काढून देतो आणि जुन्या खात्याचा पासवर्ड मुकादमाच्या मोबाइलवरच राहून जातो. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, तिच्यातली न भरलेली वर्षे हिशेब मांडताना एकदम गळालेली दिसतात. तोवर पाच वर्षे केव्हाच सरलेली असतात.

आपल्या न्यायालयांनी या पैशाला किती वर ठेवले आहे, हे महाराष्ट्राने विसरू नये. राज्य सहकारी बँकेकडे साखर तारण ठेवणाऱ्या कारखान्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फंडाची थकबाकी बँकेच्या कर्जाच्याही आधी वसूल होईल, असा निवाडा दिला. दिवाळखोरी कायद्यानेही फंडाची रक्कम कंपनीच्या विकायच्या मालमत्तेबाहेर ठेवली. २०१९ मध्ये जमिनीवर आलेल्या जेट एअरवेजचा फंड आणि ग्रॅच्युइटी चुकवल्याशिवाय नव्या खरेदीदाराची सुटका नाही, हेही न्यायालयात ठरले. बँकेच्या पुढे बसवलेला हा हक्क आता केवळ तारीख उलटली म्हणून संपू शकतो.

कर्मचारी राज्य विम्याच्या (ईएसआय) वर्गणीचेही तेच. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याच्या वेतनातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के घालतो. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी दिसली नाही तर आजारपणाचा भत्ता अडतो, आणि ताप मालकाच्या सोयीने येत नाही.

केंद्राने कलम १२५ मध्ये दुरुस्ती करून कापलेल्या रकमेला मुदतीतून वगळावे. त्यासाठी राज्याच्या खासदारांनी आवाज उठवावा. राज्य सरकारला मात्र दिल्लीची वाट पाहायचे कारण नाही. कंत्राटी कामगारांच्या फंडाची अंतिम जबाबदारी मूळ मालकाची असते, आणि महानगरपालिका, महामंडळे व सरकारी रुग्णालये हीच आज मोठी मूळ मालक आहेत. कोणाचा किती फंड भरला याच्या नावनिहाय यादीवाचून त्यांनी कंत्राटदाराचे बिल मंजूर करू नये. नुसते चलन पुरत नाही, एकच चलन तीन ठिकाणी दाखवता येते.

२०२१ मध्ये थकलेल्या हप्त्यांना २०२६ मध्ये पाच वर्षे पूर्ण होतात. जुन्या थकबाकीला नवी मुदत लागते की नाही, यावर न्यायालयात वाद झडतील. कामगारांनी तो निकाल आपल्या बाजूने लागेल या भरवशावर थांबू नये. संघटनांनी कारखान्याच्या दारात टेबल मांडावे, प्रत्येकाचे पासबुक उघडून पगारपत्रकाशी ताडून पाहावे आणि जिथे महिना रिकामा दिसेल तिथे फंड कार्यालयात त्याच आठवड्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.