पायवाटांचे राखणदार

पदपथावरून निर्वेधपणे चालण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी दिला. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयाँ यांच्या खंडपीठाने पदपथांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सादर करण्यासाठी केंद्राला दोन महिन्यांची मुदत दिली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला त्याच प्रकरणात दुसऱ्या खंडपीठाने एक पाऊल पुढे जाऊन ५० शहरांतील पदपथांचे लेखापरीक्षण करण्याचा आदेश दिला. राजधानीत अशा निकालांचे स्वागत नेहमीच उत्साहाने होते. अग्रलेख लिहिले जातात, चर्चासत्रे झडतात आणि मग विषय बाजूला पडतो. या निकालाच्या बाबतीत मात्र एक प्रश्न विचारायलाच हवा. हक्क मिळाला खरा. पण तो नेमक्या कोणत्या वाटेवर आहे, ती किती रुंद आहे, कोठून कोठे जाते आणि ती नाहीशी झाली तर तक्रार कोणत्या कागदाच्या आधारे करायची?

दिल्लीत या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. एकाच रस्त्याचा एक तुकडा महापालिकेचा, दुसरा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, पुढचा नवी दिल्ली नगरपालिकेचा, तर त्यापलीकडचा छावणी मंडळाचा असू शकतो. पदपथ म्हणजे गाडीरस्ता आखून झाल्यावर उरलेली जागा, अशीच सर्व यंत्रणांची अघोषित व्याख्या आहे. हक्काची घोषणा आणि हक्काची नोंद यांत किती अंतर असते आणि ते भरून काढण्याचे काम कोण करते, हे समजून घ्यायचे तर इंग्लंडकडे पाहावे लागते. आपला सुखाधिकारांचा कायदा ज्या विधिपरंपरेतून आला, त्याच परंपरेत तिथे शेतांतून, कुरणांतून आणि खासगी इस्टेटींतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांचे जाळे टिकून आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा नोंदलेल्या वाटांची लांबी सुमारे १ लाख ४० हजार मैल भरते. हे जाळे सरकारमुळे जितके टिकले, त्याहून अधिक ते रविवारी चालायला निघणाऱ्या बिनपगारी माणसांमुळे टिकले आहे.

या माणसांची मंडळे तालुक्याएवढ्या परिसरात काम करतात. बहुतेक सभासद निवृत्त झालेले असतात. कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी रेल्वे कर्मचारी. आठवड्याची सहल ठरते. तिचा म्होरक्या आधी एकदा तीच वाट एकटा चालून पाहतो. सहलीच्या दिवशी रांगेच्या शेवटी एक अनुभवी सभासद ठेवला जातो, म्हणजे कोणी मागे राहत नाही. हे झाले बाहेरून दिसणारे रूप. मंडळाचे खरे काम सहल संपल्यावर सुरू होते. कुंपण ओलांडायची लाकडी पायरी मोडली आहे, फाटकाला कुलूप लागले आहे, वाट नांगरली गेली आहे, दिशादर्शक खांब कोणी उपटला आहे, हे सारे नकाशावरील क्रमांकासह टिपले जाते आणि मंडळाचा पायवाट-सचिव ते काउंटी परिषदेला लेखी कळवतो. या पत्राला वजन असते, कारण त्याच्यामागे कायदा उभा असतो. १९९० च्या कायद्यानुसार शेतातून जाणारी वाट नांगरली तर शेतकऱ्याने ती १४ दिवसांत पूर्ववत करायची असते आणि ती किमान एक मीटर रुंद ठेवायची असते. वाटांवरील लोकांचा हक्क बजावणे आणि त्याचे रक्षण करणे हे १९८० च्या महामार्ग कायद्याने परिषदेचे कर्तव्य ठरवले आहे. परिषद हलली नाही, तर सामान्य नागरिकही तिला अडथळा हटवण्याची नोटीस बजावू शकतो.

नोटिशीचा दुसरा प्रकार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कोणतीही वाट बंद करायची किंवा वळवायची असेल, तर त्याची पूर्वसूचना ठरावीक संस्थांना द्यावीच लागते आणि या संस्थांची नावे नियमांतच नमूद आहेत. १९३५ साली स्थापन झालेली ‘रॅम्बलर्स’ ही संघटना त्यांत आहे, १८६५ पासून सामायिक जमिनींसाठी झगडणारी ‘ओपन स्पेसेस सोसायटी’ आहे, आणि इंग्लंडच्या उत्तर भागातील काही परगण्यांपुरती ‘पीक अँड नॉर्दर्न फूटपाथ्स सोसायटी’ही आहे. स्वयंसेवकांना सरकारने पाठीवर थाप मारून मोकळे सोडलेले नाही. प्रक्रियेत जागा दिली आहे. आपल्याकडे लोकसहभागाचा जप अखंड चालतो, पण असे कलम क्वचितच आढळते.

ही जागा अर्थातच मागून मिळालेली नाही. मँचेस्टरमध्ये प्राचीन पायवाटांच्या रक्षणासाठी पहिली संस्था १८२६ मध्ये निघाली. गिरण्यांच्या धुरात आठवडा काढणाऱ्या कामगारांना मोकळ्या हवेत जाण्याची वाट हवी होती, आणि ती जमीनदारांच्या शिकारीच्या रानांतून जात होती. १८९६ मध्ये बोल्टनजवळच्या विंटर हिलवर जमीनमालकाने वाट अडवली तेव्हा हजारो लोकांनी फाटक ओलांडून मोर्चा नेला. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउटच्या पठारावर तरुण कामगारांनी केलेल्या सामूहिक घुसखोरीनंतर पाच जणांना तुरुंगवास झाला. चालण्याच्या हक्कासाठी तुरुंगात जावे लागले ही गोष्ट इंग्लंडच्या राजकीय स्मृतीत राहिली. १९४९ साली ॲटली यांच्या मजूर सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण प्रवेशाचा कायदा केला, तेव्हा गावोगावच्या वाटांची पाहणी करून अधिकृत नकाशा तयार करण्याचे बंधन काउंटी परिषदांवर आले. त्या नकाशावर जी वाट आली तिच्याविषयी वाद संपला. नकाशावरील नोंद हाच निर्णायक पुरावा ठरला.

गोम इथेच होती. पाहणीचे प्राथमिक काम गावपातळीवरच्या परिषदांकडे गेले. जिथे परिषद जागरूक होती तिथे नकाशा भरगच्च झाला. जिथे ती उदासीन होती किंवा बड्या शेतमालकांच्या प्रभावाखाली होती, तिथे अनेक वाटा कागदावर आल्याच नाहीत. त्या शोधून काढण्याचे काम स्वयंसेवकांनी अंगावर घेतले. त्यासाठी लागणारा पुरावा दोन प्रकारचा असतो. एक जुन्या दप्तरातला : धर्मकराचे नकाशे, सामायिक जमिनी कुंपणबंद करतानाचे निवाडे, १९१० च्या जमीन मूल्यांकनाची कागदपत्रे. दुसरा जिवंत माणसांचा. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे अखंड चालत असतील, आणि ते बळजबरीने नव्हे, चोरून नव्हे, परवानगी मागूनही नव्हे, तर ती वाट मालकाने लोकांना अर्पण केली असे कायदा गृहीत धरतो. म्हणून मंडळाचे सभासद गावातल्या वृद्धांकडे बसून छापील अर्ज भरून घेतात : आपण या वाटेने कोणत्या वर्षापासून जाता, कोणी अडवले काय, फलक होता काय.

मराठीत या साऱ्या तत्त्वाला एक नेमका शब्द आहे : वहिवाट. वापराने हक्क निर्माण होतो आणि वापर थांबला की हक्क मरतो, हे आपल्या गावगाड्याला शिकवावे लागत नाही.

नोंद नसलेल्या या वाटांवरूनच तिथले राजकारण गेल्या पाव शतकात तीनदा कोलांट्या खाऊन बसले. २००० साली ब्लेअर सरकारने डोंगर, माळरान आणि सामायिक जमिनींवर मुक्त संचाराचा हक्क देणारा कायदा केला. त्याच कायद्यात जमीनमालकांची समजूत घालणारी एक तरतूद होती. १९४९ पूर्वीच्या ज्या वाटांची नोंद १ जानेवारी २०२६ पर्यंत होणार नाही, त्यांवरील हक्क कायमचा संपेल, अशी ती तरतूद. २०२२ मध्ये हुजूर सरकारने ही मुदत रद्द करण्याचे जाहीर केले, २०२३ मध्ये शब्द फिरवून ती २०३१ पर्यंत ढकलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मजूर सरकारने ती रद्द करण्याचा निर्णय पुन्हा जाहीर केला. या काळात स्वयंसेवक मंत्र्यांच्या निवेदनांकडे डोळे लावून बसले नव्हते. २०२० मध्ये हजारो सभासदांनी जुने आणि नवे नकाशे चौकटीचौकटीने ताडून पाहिले आणि अधिकृत नोंदीतून सुटलेल्या ४९ हजारांहून अधिक मैलांच्या संभाव्य वाटा शोधल्या. त्यांपैकी प्रत्येक वाट सिद्ध होईल असे नाही. पण मुदत रद्द व्हावी ही मागणी भावनेच्या पातळीवर न राहता आकड्यावर आली, आणि आकडा टाळणे कोणत्याही पक्षाच्या मंत्र्याला अवघड जाते.

एका वाटेच्या लढाईवरून सारे चित्र स्पष्ट होते. ससेक्समधील फ्रामफील्ड येथे एका धनाढ्य इस्टेटमालकाच्या जमिनीतून जाणारी नोंदलेली वाट गोठा बांधून, काटेरी तारा लावून आणि जुनी शीतकपाटे रचून बंद करण्यात आली. परिषदेने अडथळा हटवण्याऐवजी वाटच वळवण्याचा सोयीचा मार्ग धरला. पायवाट चळवळीतील कार्यकर्त्यांनी तो अपील न्यायालयापर्यंत हाणून पाडला आणि २००३ मध्ये वाट मोकळी झाली. कायदा स्पष्ट, नोंद स्पष्ट, तरीही दशकभराहून अधिक काळ गेला. नोंदच नसती तर काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मंडळांचे केस पिकले आहेत आणि तरुण सभासद मिळणे कठीण झाले आहे. २०१० नंतरच्या काटकसरीत परिषदांचे अंदाजपत्रक आटले, तेव्हा झुडपे तोडण्यापासून फाटके बसवण्यापर्यंतची कामे स्वयंसेवकांच्या गळ्यात पडली. सरकारने आपली जबाबदारी सेवाभावाच्या नावाखाली फुकटात उरकून घेतली, हा आक्षेप खोटा नाही. शेतकऱ्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. उघडे राहिलेले फाटक आणि मेंढ्यांच्या मागे लागलेला कुत्रा यांचे नुकसान चालणाऱ्याला सोसावे लागत नाही.

तरीही आपल्या दृष्टीने फरक मूलभूत आहे. आपल्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातही वीस वर्षांच्या निर्वेध वापराची कसोटी आहे. पण सुखाधिकार मिळतो तो जमिनीच्या मालकाला किंवा कब्जेदाराला, त्याच्या जमिनीच्या उपभोगासाठी. रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूला नव्हे. महाराष्ट्रात शेताच्या वाटेचा तंटा १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारापुढे जातो, आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचे ठरवले. पाणंदीसाठी पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटलेल्या गावांना या एका रकान्याचे मोल ठाऊक आहे. शहरातल्या पदपथाला असा रकाना नाही.

आणि शहरात चालणारा माणूस संख्येने थोडा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शेतीबाहेरील कामगारांपैकी पाचांत एकाहून अधिक जण कामावर पायी जात होते. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतील ३२ हजार ८२५ पादचारी होते. माणसे हलवा, वाहने नव्हे, असे केंद्राचे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगत आले आहे. धोरण आहे, पदपथाच्या रुंदीचे प्रमाण आहे, आता मूलभूत हक्कही आहे. नाही तो त्यांच्यामागचा दबावगट. लोदी उद्यानात पहाटे फेऱ्या मारणारे सनदी अधिकारी, वकील आणि खासदार तिथे गाडीने येतात आणि गाडीने परततात. त्यांचे चालणे आरोग्यासाठी असते, पोहोचण्यासाठी नसते. ज्यांना पोहोचण्यासाठी चालावे लागते त्यांना सभा घ्यायला सवड नाही. मँचेस्टरच्या गिरणी कामगारांनाही ती नव्हती, पण त्यांच्याकडे रविवारची सुटी आणि बांधलेली संघटना होती.

ही उणीव भरली नाही तर न्यायालयाच्या आदेशाचा अर्थ कोण लावणार, हे उघड आहे. अतिक्रमण म्हटले की पालिकेच्या पथकाला आधी फेरीवाला दिसतो. पदपथावर चाकं चढवून उभी केलेली मोटार दिसत नाही. मुंबईच्या पदपथवासीयांच्या १९८५ मधील ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि तरीही पदपथ ये-जा करण्यासाठीच आहेत, असे म्हटले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने या दोन हक्कांचा मेळ घालण्याची यंत्रणा दिली. २०२५ चा निकाल ती यंत्रणा गुंडाळण्यासाठी वापरला गेला, तर पायी चालणाऱ्या गरिबाच्या नावाने पदपथावर पोट भरणारा गरीब हटवला जाईल आणि मोकळ्या जागेत वाहनतळ होईल.

म्हणून लेखापरीक्षण कोण करतो यापेक्षा ते कसे करतो हा प्रश्न मोठा आहे. रस्ता रुंद करताना ज्याची जमीन जाते त्याला भूसंपादनाची नोटीस मिळते. ज्याचा पदपथ जातो त्याला विचारण्याची पद्धत नाही. प्रत्येक प्रभागातील पदपथांचा नकाशा रुंदी आणि जबाबदार यंत्रणेच्या नावासह प्रसिद्ध करावा, त्यावर हरकती मागवाव्यात आणि पदपथ कमी करणाऱ्या प्रत्येक कामाची पूर्वसूचना प्रभागातील नोंदणीकृत पादचारी मंडळांना द्यावी. अशी मंडळे आज मोजकी असतील. सूचना मिळू लागली की ती वाढतील. पाहणीच्या तक्त्यात उंची, फरशी आणि अडथळे यांचे रकाने असणारच. त्यांत ‘ही वाट कोण वापरते आणि किती वर्षांपासून’ हा आणखी एक रकाना घालायचा, आणि तो भरण्यासाठी शाळेच्या फाटकाशी, बसथांब्यावर आणि भाजी बाजारात उभे राहून विचारायचे. यासाठी संसदेत विधेयक आणावे लागणार नाही. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाचे एक परिपत्रक पुरे आहे.