हशा उरला, फिती पुसल्या गेल्या

१/ अमेरिकन दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांचे एक 'सुवर्णयुग' होते, असे आपण वारंवार ऐकतो. त्या उत्स्फूर्त विनोदाचा मीही चाहता आहे. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने या सुवर्णयुगाकडे थोडे चिकित्सेने पाहावे, असे माझे मत आहे. त्यासाठी हा धागा. 🧵

२/ प्रारंभ प्रसिद्ध प्रसंगापासून करू. एप्रिल १९६५. एनबीसीवरील 'द टुनाइट शो'. सूत्रसंचालक जॉनी कार्सन, पाहुणा अभिनेता एड एम्स. लाकडी फळीवर काढलेल्या काउबॉयच्या आकृतीवर कुऱ्हाड कशी फेकावी, याचे प्रात्यक्षिक एम्स दाखवणार होता.

३/ कुऱ्हाड नेमकी आकृतीच्या जांघेत रुतली, दांडा वरच्या दिशेला! प्रेक्षागृहात हास्याचा कल्लोळ उसळला. ओशाळलेला एम्स कुऱ्हाड काढायला निघाला, तर कार्सनने त्याला धरून थांबवले. तो स्वतः काहीच बोलला नाही. हशा ओसरू लागल्यावर मग त्याने यहुदींच्या सुंता-विधीवर एक कोटी केली आणि पुन्हा तोच कल्लोळ.

४/ कोटी चांगलीच होती. पण माझ्या मते खरी कला त्या थांबवण्यात होती. कुऱ्हाड निघाली असती तर प्रसंगही तिथेच संपला असता. हजरजबाबीपणा म्हणजे केवळ चटकन बोलणे नव्हे. कधी बोलू नये, हे चटकन कळणेही त्यातच आले.

५/ १९८७ मधील प्रसंग पाहा. निरनिराळ्या आकारांचे बटाट्याचे वेफर्स जमवणाऱ्या एक वयस्कर बाई पाहुण्या होत्या. त्यांची नजर वळताच कार्सनने कुरकुरीत आवाज करत एक वेफर खाल्ला. बाईंच्या काळजाचा ठोकाच चुकला! मग त्याने लपवलेला स्वतःचा वाडगा दाखवला.

६/ म्हणजे तो वाडगा आधीच आणून ठेवलेला होता. पाहुण्यांशी कर्मचारी पूर्वसंवाद साधत, सलामीच्या विनोदांसाठी लेखक असत, कार्यक्रम संध्याकाळी मुद्रित होऊन रात्री दिसे. उत्स्फूर्तता आकाशातून पडत नव्हती. नांगरलेल्या जमिनीतच ती उगवत होती.

७/ आणि तिला कात्रीचे भयही होते. १९६० मध्ये याच कार्यक्रमाचा तत्कालीन सूत्रसंचालक जॅक पार याचा शौचालयावरील एक विनोदी किस्सा वाहिनीने परस्पर कापला. दुसऱ्या रात्री, ११ फेब्रुवारीला, पार भर कार्यक्रमातून निघून गेला. परतला तो ७ मार्चला. त्या 'मोकळ्या' काळाची हीही एक बाजू.

८/ आता मूळ मुद्दा. कार्सनने १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंत हा कार्यक्रम चालवला. त्यातील पहिल्या दशकाच्या बहुतेक चित्रफिती आज अस्तित्वात नाहीत. फिती महाग होत्या. त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. त्याच्या पहिल्या रात्रीचाही केवळ आवाज उरला आहे, चित्र नाही.

९/ कुऱ्हाडीचा प्रसंग वर्धापनदिनाच्या विशेष भागांत पुन्हा पुन्हा दाखवला गेला आणि लोकांच्या स्मृतीत ठसला. म्हणजे ज्याला आपण सुवर्णयुग म्हणतो, ते बऱ्याच अंशी निवडलेल्या क्षणांचे संकलन आहे. फसलेल्या, कंटाळवाण्या रात्री पुसल्या गेल्या; आणि त्यांच्यासोबत किती उत्तम रात्री गेल्या, हे आता कुणीही सांगू शकणार नाही.

१०/ म्हणून 'तेव्हाचे सगळेच सरस होते' हे विधान मी स्वीकारत नाही. आजच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींना हशा ओसरेपर्यंत थांबायला सवड नसते, ही खंत मात्र खरी आहे. जुन्या कार्यक्रमांकडून शिकायचे असेल, तर ते थांबणे शिकावे.

११/ शेवटी एक विनंती. घरात आजी-आजोबांच्या गप्पांची, लग्नातल्या थट्टामस्करीची एखादी जुनी कॅसेट असेल, तर ती टाकून देण्याआधी एकदा ऐका आणि तिची प्रत करून ठेवा. फिती पुसणाऱ्या त्या माणसांनाही आपण इतिहास पुसतो आहोत, असे वाटले नसणार.