प्रशिक्षक बदलला, पुढे काय?

फुटबॉलचा हंगाम मैदानावर संपतो, तसा तो गोव्यात संपत नाही. फातोर्ड्याचे दिवे मालवले गेले की दुसऱ्या हंगामाला प्रारंभ होतो आणि तो तिठ्यातिठ्यांवर, चहाच्या गाड्यांवर, मासळीबाजारात आणि मडगाव-पणजी मार्गावरील कदंबच्या बसमध्ये खेळला जातो. प्रशिक्षकाला ठेवावे की निरोप द्यावा, कोणता परदेशी खेळाडू परत पाठवावा, बचावफळीतील त्या उंच गड्याचा करार का वाढवला नाही आणि आपल्या गावचा मुलगा हंगामभर बाकावरच का बसवून ठेवला, या प्रश्नांवर ज्या तावातावाने वाद झडतात, तो ताव निवडणुकीच्या दिवसांतही क्वचितच दिसतो. या वादांकडे पाहून नाक मुरडणारे कमी नाहीत. ज्यांनी उभ्या आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही, त्यांनी नावाजलेल्या प्रशिक्षकांना डावपेच शिकवावेत काय, असा त्यांचा सवाल असतो. आम्ही मात्र त्यांच्या पंक्तीला बसू इच्छित नाही.

याचे कारण असे, की गोव्यात फुटबॉल हा तिकीट काढून पाहण्याचा तमाशा म्हणून आलेला नाही. १८८३ साली शिवोलीस फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूने हा खेळ येथे आणला असे सांगतात. त्यानंतर तो भात कापून रिकाम्या झालेल्या शेतांत, चर्चपुढील पटांगणांत आणि देवळांच्या माळांवर वाढला. १९८२-८३ मध्ये बंगालच्या बरोबरीने आणि १९८३-८४ मध्ये एकट्याच्या बळावर गोव्याने संतोष करंडक जिंकला, तेव्हा या लहानशा भूमीला एक ओळख लाभली. ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले, तेव्हा घराघरांतील मुलांना आपणही तेथवर पोहोचू असे वाटू लागले. जो खेळ लोकांनी आपल्या अंगणात वाढवला, त्याच्याविषयी बोलण्याचा लोकांना अधिकार नाही असे कोण म्हणेल? प्रश्न अधिकाराचा नाही. तो अधिकार वापरून आपण योग्य तो प्रश्न विचारतो आहोत काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रशिक्षक आणि खेळाडूंची निवड यांवरील वादाला २०२० सालाइतके ठळक उदाहरण गोव्याच्या अलीकडच्या फुटबॉलमध्ये दुसरे नाही. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या एफसी गोवा संघाची सूत्रे २०१७ मध्ये सर्जियो लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाकडे आली. चेंडू आपल्या ताब्यात ठेवून, लहान लहान पास देत पुढे सरकण्याची जी पद्धत त्यांनी रुजवली, तिने प्रेक्षकांना भुरळ घातली. फेरान कोरोमिनास या आघाडीवीराने लागोपाठ दोन हंगामांत स्पर्धेतील सर्वाधिक गोल केले. २०१९ मध्ये संघ इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात पोहोचला, तेथे बंगळूरने जादा वेळेत एका गोलाने मात केली; पण त्याच वर्षी सुपर कप गोव्यात आला. पुढच्या हंगामात संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी असताना आणि साखळीतील अवघे तीन सामने उरले असताना, ३१ जानेवारी २०२० रोजी लोबेरा यांना पदावरून दूर करण्यात आले.

त्या दिवशी सुरू झालेला वाद अद्याप शमलेला नाही. दोन्ही पक्षांच्या हाती पुरावे आहेत आणि म्हणूनच तो शमत नाही. क्लिफर्ड मिरांडा या गोमंतकीय प्रशिक्षकाने हंगामी सूत्रे स्वीकारली आणि उरलेले तिन्ही सामने संघाने मोठ्या फरकाने जिंकले. जमशेदपूरवर ५-० असा विजय मिळवून, ३९ गुणांनिशी संघाने साखळीचे विजेतेपद पटकावले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत प्रवेश मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मग निर्णय चुकला असे कसे म्हणावे? पण उपांत्य फेरीत चेन्नईत संघ ४-१ असा कोसळला, परतीच्या सामन्यात ४-२ जिंकूनही एका गोलाने बाहेर पडला. मग निर्णय बरोबर होता असे तरी कसे म्हणावे?

खरा आघात त्यानंतरचा आहे. लोबेरा मुंबई सिटी संघाकडे गेले आणि मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस व आमचा मंदार राव देसाई असे चार मोहरेही त्याच संघात दाखल झाले. कोरोमिनासनेही गोवा सोडले. २०२०-२१ चा सारा हंगाम साथीमुळे गोव्याच्याच मैदानांवर, प्रेक्षकांविना झाला. त्यात उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टींवर हरवले आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर लोबेरांनी करंडक उचलला. एवढ्यावर हे थांबले नाही. लोबेरांच्या जागी आलेले हुआन फेर्रांडो डिसेंबर २०२१ मध्ये हंगाम अर्ध्यावर टाकून कोलकात्याला गेले. गोव्याचा संघ त्या हंगामात नवव्या स्थानी घसरला. आणि १८ मार्च २०२३ रोजी त्याच फातोर्ड्यावर फेर्रांडो यांच्या मोहन बागान संघाने करंडक जिंकला. ज्या दोघांनी गोव्याच्या संघाला वळण लावले, ते दोघेही गोव्याच्या मातीवर दुसऱ्यांसाठी विजयी झाले. पाठीराख्याचे मन यात पोळले असेल तर त्याला भाबडा म्हणून हिणवणे हा कोरडेपणा होय.

तथापि, या घटनांतून जो निष्कर्ष चहाच्या गाड्यावर काढला जातो, तो आम्हांस अपुरा वाटतो. लोबेरांना ठेवले असते तर सारे काही मिळाले असते, असे मानणाऱ्यांनी मानोलो मार्केझ यांचा काळही डोळ्यांपुढे आणावा. त्यांच्या हाताखाली २०२३-२४ मध्ये संघ तिसरा आला. उपांत्य फेरीत मुंबईविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० असा पुढे असताना, अखेरच्या काही मिनिटांत तीन गोल खाऊन तो हरला. २०२४-२५ मध्ये संघ दुसरा आला. बंगळूरविरुद्ध पहिल्या सामन्यातील दोन गोलांची पिछाडी भरून काढली आणि भरपाई वेळेत सुनील छेत्रीच्या एका हेडरने सारे पाणी फिरले. तेव्हा याच मार्केझना काढा असे म्हणणारे आवाज उठले. राष्ट्रीय संघाची जबाबदारीही तेच सांभाळत होते. दोन दगडांवर पाय ठेवणारा मनुष्य बुडणारच, असे बोलले गेले. त्याच मार्केझनी २०२५ च्या मे महिन्यात आणि पुन्हा डिसेंबरात, असे एकाच वर्षी दोनदा सुपर कप जिंकून दिले. एका हेडरवर प्रशिक्षकाची लायकी ठरवणे हा न्याय नव्हे. भरपाई वेळेचा निकाल म्हणजे पाच वर्षांच्या कामाचा हिशेब नव्हे, हे समजून घेण्याइतका गोव्याचा प्रेक्षक जाणता आहे.

सातत्याचे मोल काय असते, याचा धडा गिरवण्यासाठी आपणांस स्पेनकडे पाहण्याचीही गरज नाही. धेंपो क्लबने आर्मांदो कुलासो यांच्यावर दहा वर्षांहून अधिक काळ विश्वास ठेवला. त्या विश्वासाचे फळ म्हणून २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत राष्ट्रीय पातळीवरील साखळीची पाच विजेतेपदे गोव्यात आली. याच कुलासोंना २०२४ चा जीवनगौरवाचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. धेंपोच्या त्या संघात गोव्याची मुले होती, ती एकमेकांना लहानपणापासून ओळखत होती, आणि क्लिफर्ड मिरांडा हे त्याच संघातून घडले. प्रशिक्षकही त्याच विहिरीचे पाणी प्यायलेला होता. हंगामाच्या अखेरीस विमानाने येणाऱ्या आणि विमानाने जाणाऱ्या माणसांच्या याद्या तयार करून असा संघ उभा राहत नाही.

येथे आम्हांस बुऱ्हाणपूरची आठवण होते. खानदेशाची ही जुनी राजधानी आज मध्य प्रदेशात आहे. तेथे १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात बांधलेली एक पाणीयोजना पाहावयास मिळते. तिला कुंडी भंडारा म्हणतात. सातपुड्याच्या डोंगरांतून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालील भुयारांत अडवून, एकाला एक जोडलेल्या कुंड्यांतून ते केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणले गेले. शहरात पाणी घेणाऱ्याला ते तोंडाशी दिसते. त्यामागचे भुयार दिसत नाही. आता त्या वाहिन्यांच्या भिंतींवर चुन्याची पुटे चढून प्रवाह आक्रसत चालला आहे. अशा वेळी तोटी पितळेची बसवावी की पोलादाची, यावर नागरिकांनी वाद घातला तर आपण काय म्हणू?

गोव्याच्या फुटबॉलची स्थिती याहून फार निराळी नाही. फातोर्ड्यावर उतरणारा संघ ही तोटी होय. तिच्यामागे गावोगावचे क्लब, आंतरग्राम स्पर्धा, शाळांचे सामने आणि गोव्याची साखळी यांचे भुयार आहे. त्या भुयारात पडझड झाली तेव्हा आपण पुरेसा आवाज उठवला नाही. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही नामवंत क्लब राष्ट्रीय महासंघाच्या धोरणाचा निषेध करीत आय-लीगमधून बाहेर पडले. एका प्रशिक्षकाच्या हकालपट्टीवर वर्षानुवर्षे बोलणारे आपण, या तीन संघांबरोबर किती तरुणांची उपजीविका आणि किती मुलांची स्वप्ने बाहेर पडली याचा हिशेब कितीदा मांडतो? धेंपोने पुढे खालच्या पायरीपासून खेळत २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये पुनःप्रवेश केला, ही समाधानाची बाब आहे. पण मधली आठ वर्षे ज्यांची वाया गेली, त्या खेळाडूंना ती कोण परत देणार?

सुपर लीगच्या पहिल्या हंगामांत मैदानावर अकरांपैकी सहा परदेशी खेळाडू उतरू शकत. २०१७ पासून ती मर्यादा पाचावर आणि २०२१ पासून चारांवर आली. म्हणजे प्रत्येक संघाला किमान सात भारतीय खेळाडू मैदानावर हवे असतात. ही गोव्याच्या मुलांसाठी उघडलेली दारे होत. ब्रँडन फर्नांडिसने गोव्याच्या मध्यफळीचा भार वर्षानुवर्षे वाहिला आणि २०२४ मध्ये तो मुंबईला गेला, तेव्हा हळहळणे स्वाभाविक होते. पण त्याच सुमारास ब्रायसन फर्नांडिससारखा तरुण पुढे आला आणि २२ ऑक्टोबर २०२५ रोजी अल नासरसारख्या धनाढ्य संघाविरुद्ध फातोर्ड्यावर गोल करून गेला. एक ब्रँडन गेला तर दुसरा कोणी तयार असला पाहिजे, आणि दुसऱ्यामागे तिसरा. हे ज्या दिवशी घडेनासे होईल, त्या दिवशी जगातील सर्वोत्तम प्रशिक्षकालाही परदेशांतून माणसे आणण्यापलीकडे गत्यंतर उरणार नाही.

म्हणून पाठीराख्यांना आमचे सांगणे असे, की वाद थांबवू नका. त्याचा रोख बदला. जर्मनीत क्लबच्या मतांचे बहुमत सभासदांच्या हाती राहिले पाहिजे असा नियम १९९८ पासून आहे. बार्सिलोनात सभासद आपला अध्यक्ष मतदानाने निवडतात. आपल्याकडे क्लब खाजगी मालकीचे आहेत. येथे लगेच तसे घडेल अशी आशा आम्ही बाळगत नाही. परंतु हंगाम संपल्यावर व्यवस्थापनाने पाठीराख्यांची एक उघडी सभा बोलवावी, प्रशिक्षक का बदलला आणि कोणत्या विचाराने खेळाडू सोडले हे तेथे सांगावे, एवढी मागणी तरी अवाजवी नाही. ज्याच्या गल्ल्यात लोक पैसे टाकतात आणि ज्याच्या नावात गोवा हे नाव आहे, त्याने लोकांना कारण सांगितलेच पाहिजे. त्या सभेत लोकांनीही प्रशिक्षकाच्या नावापुरते बोलू नये. या वर्षी किती गोमंतकीय मुलांना किती मिनिटे मैदानावर मिळाली, कनिष्ठ संघांतून किती जण वर आले, गावच्या स्पर्धा पाहण्यास क्लबचा माणूस किती वेळा गेला, हे विचारावे.

आणि हेच प्रश्न पंचायतींना, कोमुनिदादींना आणि राज्य सरकारलाही विचारावेत. गावोगावी मैदानाच्या जागी इमारती उभ्या राहत असताना आपण गुणतक्त्यावर बोलत बसलो, तर पुढची पिढी फुटबॉल पडद्यावरच पाहील आणि पडद्यावर पाहणाऱ्याला कोणताही संघ आपला वाटू शकतो. मग फातोर्ड्यावर प्रशिक्षक कोण, या प्रश्नात कोणाला रस उरेल?

प्रशिक्षक येतील आणि जातील. झिको आले आणि गेले, लोबेरा गेले, फेर्रांडो गेले. पुढेही कोणी जाईल, आणि त्याच्यामागे आपण पुन्हा तिठ्यावर भांडू. ते भांडण गोव्याच्या जिवंतपणाची खूण आहे. मात्र पुढच्या वेळी भांडून घरी परतताना, वाटेतल्या शेतात मुले अजून चेंडू खेळत आहेत काय, हे प्रत्येकाने थांबून पाहावे. खेळत नसतील, तर त्या संध्याकाळचा खरा पराभव तोच समजावा, आणि तो भरून काढणे कोणत्याही प्रशिक्षकाच्या हाती नाही.