हायझेनबर्गचा डीपी, स्कायलरला शिव्या

आपल्या कितीतरी पोरांच्या डीपीवर अजूनही काळी हॅट घातलेला हायझेनबर्ग असतो. 'ब्रेकिंग बॅड' (२००८ ते २०१३) उत्तमच मालिका आहे. भांडण तिच्याशी नाही, तुमच्याशी आहे.

"बिचाऱ्याने घरासाठी केलं" हे ऐकून कान किटले. अरे, जुन्या मित्राने पहिल्याच सीझनमध्ये उपचाराचा खर्च देऊ केला होता. वॉल्टरचा अहंकार आडवा आला. पुढे जेन डोळ्यांदेखत गुदमरून मेली, हा नुसता उभा राहिला. रडला, हो. पण रडणं म्हणजे तौबा नव्हे. तौबा करायची तर गुनाह सोडावा लागतो, ज्याचा हक मारला त्याचा हक फेडावा लागतो. जेनच्या बापाला तो खरं कधीच सांगत नाही. जेसीला सांगतो, तेही त्याच्या जखमेवर मीठ चोळायला. शेवटच्या भागात स्कायलरपाशी कबूल करतो की सगळं स्वतःसाठीच केलं. त्याने कबूल केलं, चाहते अजून करत नाहीत!

शिव्या मात्र स्कायलरला. इतक्या, की ती भूमिका करणाऱ्या ॲना गनने २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या द्वेषावर लेख लिहिला. आपल्या मोहल्ल्यात तरी काय वेगळं आहे? हा पैसा हलालचा की हरामचा, असं विचारणारी बायको कटकटीच ठरते.