नोटीस वर्षाची, नेमणूक 'कन्सल्टंट'ची

गेल्या काही आठवड्यांत तरुण वाचकांनी आमच्याकडे ऑफर लेटरच्या प्रती पाठवल्या आहेत. सगळ्या छोट्या चार्टर कंपन्यांच्या, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: जॉइन करू का? प्रश्न रास्त आहे. एकट्या 2023 मध्ये डीजीसीएने 1,622 सीपीएल दिली. मोठ्या एअरलाइन्सना ए-320 चे टाइप रेटिंग हवे, तेही बहुतेकदा स्वतःच्या खर्चाने केलेले. दोनशे-अडीचशे तास खात्यावर असलेल्या मुलाला किंवा मुलीला जुहू नाहीतर पुण्यातली दोन-तीन विमानांची एनएसओपी हाच पहिला दरवाजा दिसतो. त्या दरवाजातून जाऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. किंग एअर घेऊन आयएलएस नसलेल्या धावपट्टीवर पावसाळ्यात उतरणारा को-पायलट वर्षभरात जे शिकतो, ते त्याला पुढे जन्मभर पुरते. पण या पत्रांत लिहिलेले वाचून राग येतो, आणि तो इथे मांडणे आमचे काम आहे.

त्यातले एक पत्र समोर ठेवले आहे. पहिल्याच परिच्छेदात वैमानिकाची नेमणूक 'रिटेनर तत्त्वावरील व्यावसायिक सल्लागार' म्हणून होते. म्हणजे पगार नाही, फी. त्यावर व्यावसायिक फीचा टीडीएस. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही, मेडिकल गेले तर लॉस ऑफ लायसन्सचा विमा नाही. ठीक आहे, सल्लागार तर सल्लागार. पान उलटले की तोच सल्लागार कंपनीचा बांधील नोकर होतो. चोवीस तास स्टँडबाय. दुसरीकडे उड्डाण करण्यास मनाई. सिम्युलेटरच्या खर्चापोटी तीन वर्षांचा बॉण्ड आणि सोबत रक्कम न लिहिलेला सही केलेला धनादेश. शेवटी नोटीस पीरियड 'डीजीसीएच्या सीएआरप्रमाणे'.

हा सीएआर, सेक्शन 7, सिरीज एक्स, पार्ट दोन, आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. मुळातून वाचलेला फार थोड्यांनी. ऑगस्ट 2017 च्या सुधारणेनंतर कमांडरला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कारण असे दिले गेले की वैमानिक अचानक निघून गेले तर उड्डाणे रद्द होतात आणि तिकीट काढलेल्या प्रवाशांचे हाल होतात. तिकीटच नसलेल्या, दोन विमानांच्या चार्टर कंपनीला हे कारण किती लागू पडते? तरीही तो नियम पुढे करून वैमानिकाला धरून ठेवायचे, आणि पीएफचा विषय निघाला की "तुम्ही आमचे कर्मचारी नाही" म्हणायचे, हा सरळ अन्याय आहे. कर्मचारी असेल तर कर्मचाऱ्याचे हक्क द्या. सल्लागार असेल तर सल्लागाराला एक महिन्यात मोकळे करा.

नियामकाची भूमिका तर याहून चमत्कारिक. सप्टेंबर 2023 मध्ये एका नव्या एअरलाइनचे वैमानिक नोटीस न देता गेले म्हणून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचले, तेव्हा डीजीसीएने सांगितले की विमान कंपनी आणि वैमानिक यांच्यातल्या करारात आम्हाला हस्तक्षेप करता येत नाही. मग नोटीस किती महिन्यांची हे ठरवणारा सीएआर काढला कोणी? नोकरी सोडण्याची मुदत ठरवताना नियामकाला अधिकार असतो, आणि वैमानिकाची फी थकली, एनओसी अडवली, असा अर्ज गेला की तोच विषय दोन पक्षांतल्या खासगी कराराचा होतो. असे उत्तर आलेल्या वाचकांची पत्रे आमच्या फायलीत आहेत.

एनओसी अडवण्यापलीकडे आता आणखी एक पाचर मारली जाते. ईजीसीएच्या ई-लॉगबुकात तुम्ही नोंदवलेले तास ऑपरेटरच्या अधिकृत व्यक्तीने मंजूर करावे लागतात. राजीनामा दिल्यावर ही मंजुरी थांबते. "साहेब बाहेरगावी आहेत" हे उत्तर महिनाभर ऐकून घ्यायचे. तेवढ्यात एटीपीएलचे गणित बिघडते, दुसरीकडची मुलाखत जाते. उडालेले तास हे वैमानिकाने कमावलेले असतात. कोणाच्या मर्जीवर ते लटकत ठेवता कामा नयेत. अमुक दिवसांत हरकत न घेतल्यास नोंद आपोआप मंजूर समजावी, एवढी एक ओळ डीजीसीएने परिपत्रकात घालावी. यात कसली अडचण आहे?

आता जॉइन करू इच्छिणाऱ्यांसाठी. ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये बसून निर्णय घेऊ नका. हँगरमध्ये जा. एएमईशी चहा प्या. टेकलॉग दाखवतात का ते पाहा. कोणता स्नॅग किती दिवस एमईएलवर पुढे ढकलला जातोय ते वाचा. टेकलॉगमध्ये वर्षभर एकही स्नॅग नसेल तर ते विमान निर्दोष आहे असे समजू नका, तिथे स्नॅग लिहू देत नाहीत असे समजा. पुढच्या पीपीसीचे पैसे कोण भरणार, आणि ती कंपनीमुळे लांबली तर त्या काळात फी चालू राहणार का, हे लेखी घ्या. गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांपैकी निदान एकाला फोन करा. सकाळी नांदेड किंवा लातूरला पॅसेंजर उतरवून रात्री परत यायचे असेल, तर मधले सात-आठ तास क्रू कुठे बसतो, हे विचारा. उत्तर "गाडीत" असे आले, तर त्या कंपनीचे स्प्लिट ड्युटीचे कागद कसे भरले जातात ते वेगळे सांगायला नको.

आणि सर्वांत महत्त्वाचे: वेदर कॉल कोणाचा? मालकाचा फोन कॉकपिटपर्यंत पोहोचतो का? 28 जून 2018 रोजी जुहूहून चाचणी उड्डाणाला निघालेले किंग एअर सी-90 पावसाळी दिवशी घाटकोपरला कोसळले. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक माणूस गेला. 14 सप्टेंबर 2023 रोजी विशाखापट्टणमहून आलेले लिअरजेट 45 मुंबईच्या धावपट्टीवर मुसळधार पावसात आदळले. आठही जण वाचले हे नशीब. ही दोन्ही विमाने आपल्याच क्षेत्रातली होती. ज्या कंपनीत "आज नको" म्हणणाऱ्या कमांडरची दुसऱ्या दिवशी झाडाझडती होते, तिथे कितीही तास मिळोत, जाऊ नका.

ज्येष्ठ कमांडरांना मात्र आम्हाला जाब विचारायचा आहे. यातली कित्येक ऑफर लेटर तुमच्या सहीने निघतात. ऑपरेशन्सचे प्रमुख तुम्ही, पोस्टहोल्डर तुम्ही. एचआरने दिलेला मसुदा न वाचता सही करायची आणि पोराने विचारले की "सगळीकडे असेच असते" म्हणायचे, हे बंद करा. तुमच्या पहिल्या कंपनीने तुमच्याकडून कोरा धनादेश घेतला असेल. म्हणून तुम्ही पुढच्याकडून घ्यायचा नसतो. तुम्ही सही नाकारली तर मालकाला कलम बदलावेच लागेल, कारण मंजूर पोस्टहोल्डर रोज मिळत नाही.

ज्यांच्या हातात आत्ता ऑफर आहे त्यांनी त्याच सीएआरमधले दुसरे कलमही पाठ करावे: नोटीस काळात पगार-सवलती कापल्या किंवा अटी वैमानिकाच्या तोट्याच्या केल्या, तर मुदतीआधी मोकळे करण्याची मागणी त्याला करता येते. कंपनी हे कलम तुम्हाला कधी सांगणार नाही.

या महिन्यात आम्ही डीजीसीएला निवेदन देत आहोत. 'कन्सल्टंट' म्हणून नेमलेल्या वैमानिकाला नोटीसचा सीएआर लागू आहे की नाही, याचे स्पष्ट लेखी उत्तर आणि ई-लॉगबुक मंजुरीला मुदत, एवढ्या दोनच मागण्या. निवेदनाला जोडायला करारांच्या प्रती हव्यात. तुमचे नाव, कंपनीचे नाव, विमानाचे रजिस्ट्रेशन, सगळे खोडून पाठवलेत तरी चालेल. नोटीस, बॉण्ड आणि एनओसी यांची कलमे तेवढी वाचता आली पाहिजेत. पुढचा अंक छपाईला जाण्याआधी पाठवा.