मॅप कुणासाठी, ड्रायव्हरसाठी की बॅटरीसाठी?

घरात हायब्रिड कार घ्यायचं ठरलं की आधी मायलेजची चर्चा होते. मग शोरूममध्ये टॉप मॉडेलचा विषय निघतो : मोठी स्क्रीन, त्यात इनबिल्ट नेव्हिगेशन. घरातली तरुण मंडळी लगेच म्हणतात, ‘त्यासाठी जास्त पैसे कशाला? फोन आहे की!’ मुद्दा बिनतोड वाटतो. पण हायब्रिडच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे.

आधी फोनची बाजू. ऑक्टोबर २००९मध्ये गुगलने अमेरिकेत अँड्रॉइड फोनवर वळणावळणाला रस्ता सांगणारं नेव्हिगेशन फुकट दिलं. काचेला चिकटवायची गार्मिन, टॉमटॉमची यंत्रं त्यानंतर मागे पडत गेली. आज अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेमुळे फोनमधला मॅप गाडीच्याच स्क्रीनवर दिसतो. ट्रॅफिक ताजा, अपडेट आपोआप. इनबिल्ट मॅप वेळेवर अपडेट केला नाही, तर नवा उड्डाणपूल त्याच्या गावीही नसतो.

मग इनबिल्ट हवाच कशाला? एक कारण बोगद्यात कळतं. मुंबईच्या कोस्टल रोडचा बोगदा सुमारे दोन किलोमीटरचा आहे. आत उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही. गाडीशी नीट जोडलेली यंत्रणा मात्र चाकांचा वेग आणि वळणं मोजून आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधत राहते.

दुसरं कारण खास हायब्रिडचं. हायरायडर किंवा ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी लहान असते. घरच्या वीजबिलातल्या एका युनिटपेक्षाही कमी वीज तिच्यात मावते. पुण्याहून मुंबईला येताना बोरघाटाच्या लांब उतारावर ब्रेकमधून वीज तयार होते, पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती साठवायची कुठे? पुढे उतार आहे हे गाडीला आधीच माहीत असेल, तर ती बॅटरीतली वीज अगोदर वापरून जागा करून ठेवू शकते. परदेशातल्या काही हायब्रिड मॉडेल्समध्ये टोयोटाने हेच केलंय. ‘प्रेडिक्टिव्ह एफिशियंट ड्राइव्ह’ असं त्याचं नाव. तिथे मॅप ड्रायव्हरइतकाच बॅटरीसाठीही असतो. फोनमधला मॅप स्क्रीनवर दिसला, तरी त्याची अशी गाठ बॅटरीशी आपोआप पडत नाही.

पण याचा फायदा कंपन्याही उचलू बघतात. २०२३मध्ये जनरल मोटर्सने जाहीर केलं की, त्यांच्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो नसेल. गाडीचीच यंत्रणा वापरायची. मॅप आणि बॅटरी एकमेकांशी बोलतील, हे खरं. पण तुम्ही कुठे जाता, कसे जाता ही माहितीही कंपनीच्या हातात राहील आणि उद्या तिने त्या सेवेसाठी वर्गणी मागितली तर दुसरा पर्याय उरणार नाही.

आणि मॅप कुठलाही असला, तरी डोळे आपलेच लागतात. नोव्हेंबर २०२४मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ पुराने तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. ते मॅप बघून जात होते, असं तेव्हा समोर आलं. पूल तुटल्याची खबर मॅपपर्यंत पोचलेलीच नसेल, तर तो बिचारा सरळच जा म्हणणार. आपल्याकडे गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरायची मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. त्यामुळे फोन मांडीवर नको, स्टँडवर लावा.

म्हणून शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा : ‘हा मॅप बॅटरीला काही सांगतो का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर तेवढ्यापुरते जास्त पैसे मोजायला हरकत नाही. मात्र अपडेट किती वर्षं फुकट मिळतील हे लेखी घ्या. उत्तर ‘नाही’ असेल, तर ती नुसती मोठी स्क्रीन आहे. तिच्यावर तुमचा फोन जोडा आणि वाचलेल्या पैशांत पेट्रोल भरा.