खटपट : कॉफी मशीन चालू, पण पाणी गार!

सोमवार, सकाळचे साडेनऊ. वालीव नाहीतर सातिवलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं कुठलंही ऑफिस घ्या. वसई रोड स्टेशनहून शेअर रिक्षात तिसऱ्या सीटवर अर्धवट बसून आलेली पब्लिक थेट पँट्रीकडे वळते. बटण दाबलं जातं, मशीन घरघरतं, कपात काहीतरी पडतं आणि पहिल्याच घोटाला चेहरा वाकडा! कॉफी गार. वर पावडरच्या गुठळ्या तरंगतायत. मग सुरू होतो ऑफिसचा आवडता खेळ : ‘मशीन कोणी बिघडवलं?’ बिल बहुतेक वेळा पँट्रीतल्या मावशींच्या नावावर फाटतं.

मंडळी, जरा थांबा. दिवे लागतायत, डिस्प्ले चमकतोय, कॉफी पडतेय आणि फक्त पाणी तापत नाहीये, तर तुमचं मशीन ‘मेलेलं’ नाही. बऱ्याचदा ते अडून बसलेलं असतं आणि त्याला तसंच काही कारण असतं. ते कारण शोधायचं की कारणासकट मशीनचं तोंड बंद करायचं, हा आजचा प्रश्न आहे.

आधी थोडं गणित

ऑफिसातल्या साधारण कॉफी मशीनच्या पोटात गरम पाण्याची एक टाकी असते आणि त्या टाकीत हीटरची कॉइल. समजा टाकी ५ लिटरची आहे आणि हीटर २००० वॅटचा. २५ अंशांचं पाणी ९२ अंशांवर न्यायला सुमारे १२ मिनिटं लागतात. प्रत्यक्षात थोडी जास्तच, कारण टाकीची भांडी-बाजूही तापते. म्हणजे स्विच टाकून तिसऱ्या मिनिटाला ‘गरम होत नाही’ म्हणून बोंब मारणं हा मशीनवर अन्याय आहे, बॉस!

उलट, अर्धा तास झाला तरी पाणी कोमटच असेल तर मात्र खटपटीला लागायचं. कॉफी नीट उतरायला पाणी साधारण ९० ते ९६ अंश असावं लागतं. प्रीमिक्सची पावडर त्याहून थोड्या कमी तापमानाला विरघळते, पण कोमट पाण्यात ती नीट मिसळत नाही. मिक्सिंगच्या वाटीत लगदा साठतो आणि एका बिघाडाचे दोन होतात.

आता कॉइलपर्यंत वीज कशी पोचते ते बघा. ती आपल्या लोकलसारखी जाते. नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि शेवटी विरार. वाटेतला एक जरी सिग्नल लाल असेल तर गाडी उभी. विरार म्हणजे कॉइल. गाडी विरारला पोचली नाही की लोक थेट कॉइललाच दोष देतात. आपण मात्र नायगावपासून सुरुवात करू.

स्टेशन पहिलं : वीज

‘लाइट तर लागतोय ना!’ हे वाक्य आधी विसरा. डिस्प्लेला अगदी थोडी वीज पुरते, हीटरला मात्र भरपूर लागते. काही मशीनमध्ये हीटरचा स्विच वेगळा असतो आणि सफाई करताना तो बंद केलेला राहून जातो. आधी तो बघा. कित्येक ‘बिघाड’ इथेच संपतात.

मग प्लग. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर करंट ओढतो. भिंतीवरचा छोटा सॉकेट असतो ६ अँपिअरचा, मोठा १६ चा. कॉफी मशीनला मोठाच हवा. पण पँट्रीत काय असतं? एक एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर मायक्रोवेव्ह, त्यावर टोस्टर, त्यावर कोणाचा तरी मोबाइल चार्जर आणि कॉफी मशीन! प्लग हाताला गरम लागतोय, सॉकेट पिवळट-तपकिरी झालाय, जळका वास येतोय, यातलं काहीही दिसलं तर आधी मेन स्विच बंद. इलेक्ट्रिशियनला बोलवा, मशीनचा मेकॅनिक नंतर.

व्होल्टेजही बघा. पुरवठा २३० वरून १८० व्होल्टवर घसरला तर हीटरची ताकद १८०/२३० च्या नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २००० वॅटचा हीटर १२२५ वॅटवर येतो आणि १२ मिनिटांचं काम १९ मिनिटांवर जातं. मशीन तेच, कॉइल तीच, फक्त वीज अर्धपोटी. आणि गाळ्यात थ्री-फेज कनेक्शन असेल तर एक फेज गेल्यावर गंमतच होते. ऑफिसातले दिवे सुरू, एसी सुरू आणि पँट्रीचा सॉकेट मात्र मुका.

स्टेशन दुसरं : पाणी

वसई-विरारमध्ये पाण्याशिवाय कुठली गोष्ट पूर्ण होते? महापालिका झाली २००९ मध्ये, पालघर जिल्हा झाला २०१४ मध्ये, पण टँकर आणि बोअरवेल या दोन शब्दांवर इथल्या कित्येक सोसायट्या आणि गाळे वर्षानुवर्षं चालत आले. कॉफी मशीनच्या दृष्टीने पाणी कुठून आलं याला फार महत्त्व आहे.

पहिली गोष्ट, पाणी आहे का? मशीन शहाणं असतं. टाकीत पाणी कमी असेल तर ते हीटर सुरूच करत नाही, कारण कोरडी कॉइल काही क्षणांत लालबुंद होऊन जळते. वीस लिटरचा जार रिकामा, पाइप दुमडलेला, इनलेटच्या जाळीत गाळ अडकलेला, अशी कारणं साधी असतात. ती बघायला पाना-स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

दुसरी गोष्ट, क्षार. बोअरचं पाणी जड असलं की तापल्यावर त्यातला कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर जमतो. घरच्या गीझरच्या कॉइलवर दिसतो तोच हा पांढरा थर. उष्णता त्यातून नीट बाहेर पडत नाही. पाणी हळू तापतं आणि कॉइल आतल्या आत जास्त तापते. मग एक दिवस ती तुटते आणि आपण म्हणतो, ‘अचानक गेली हो!’ अचानक काही नसतं. आधी काही आठवडे मशीन जास्त वेळ घेत होतं, तापताना किटलीसारखं गुरगुरत होतं. हे कोणाला माहीत असतं? मावशींना! मेकॅनिक आला की मॅनेजरने बोलण्याआधी त्याला मावशींशी बोलू द्या. कधीपासून, कसा आवाज, किती उशीर, कुठला दिवा लुकलुकला. निम्मं निदान तिथेच होतं.

तिसरी गोष्ट थोडी गमतीची. जड पाण्याला कंटाळून ऑफिस आरओ बसवतं आणि मशीन बंद पडतं! काही मशीनमध्ये पाण्याची पातळी दोन धातूच्या सळ्यांनी ओळखली जाते. पाण्यातून अगदी बारीक करंट गेला की मशीनला कळतं, ‘हां, पाणी आहे.’ आरओचं पाणी फारच शुद्ध असेल तर त्यात क्षार जवळजवळ नसतात, करंट जात नाही आणि भरलेली टाकीसुद्धा मशीनला रिकामी वाटते. उपाय सोपा आहे. आरओवाल्याला टीडीएस अगदी तळाशी न नेता थोडा वर ठेवायला सांगा. किती ते मशीनच्या पुस्तिकेत बघा.

स्टेशन तिसरं : सेफ्टी

आता येतो मुद्द्याचा भाग. टाकीला दोन पहारेकरी असतात. पहिला थर्मोस्टॅट किंवा सेन्सर. ठरलेलं तापमान आलं की हा हीटर बंद करतो, पाणी निवलं की पुन्हा सुरू. दुसरा कटआउट. पहिला झोपला आणि टाकी प्रमाणाबाहेर तापली की हा वीज तोडतो. बऱ्याच मशीनमध्ये तो आपणहून पुन्हा जुळत नाही, त्यावरचं छोटं बटण हाताने दाबावं लागतं. ते बटण बहुतेक वेळा पॅनेलच्या आत असतं, म्हणजे ते दाबणं मेकॅनिकचं काम. तुमच्या मशीनवर ते बाहेरून दाबता येत असेल तर प्लग काढा, मशीन पूर्ण गार होऊ द्या आणि एकदाच दाबा. पुन्हा उडालं तर हात लावू नका. कटआउट उडणं हा बिघाड नाही, बिघाडाची तक्रार आहे.

आणि इथेच तो शब्द कानावर येतो. मेकॅनिक पॅनेल उघडतो, दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, ‘साहेब, पार्ट मिळायला दोन दिवस लागतील. तोवर डायरेक्ट करून देतो.’

डायरेक्ट! म्हणजे कटआउटच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडायच्या, वर काळी टेप. पाणी दहा-बारा मिनिटांत उकळतं, ऑफिस खूश, टाळ्या. पण आता त्या टाकीवर शेवटचा पहारेकरी नाही. थर्मोस्टॅट पुन्हा अडकला की टाकी उकळत राहणार, पाणी आटणार, कॉइल कोरडी पडणार. पुढे वितळलेलं प्लास्टिक, अंगावर उडालेली वाफ किंवा आग. ‘दोन दिवसांचं’ डायरेक्ट दोन-दोन वर्षं तसंच राहतं, हे तुम्हालाही माहीत आहे. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. तेवढ्यापुरती सोय झाली आणि पेशवाईला ती केवढ्याला पडली, हे शाळेत शिकलोय आपण. त्याच वसईत बसून कॉफीसाठी असला तह करू नका!

दोन दिवस कॉफी नाही मिळाली तर काय होईल? खालच्या टपरीवरचा कटिंग आहे की.

स्टेशन शेवटचं : कॉइल

वीज बरोबर, पाणी बरोबर, कटआउट आणि थर्मोस्टॅट बरोबर, तरी पाणी गार. आता कॉइल किंवा तिला वीज सोडणारा रिले. मेकॅनिक प्लग काढून मल्टिमीटर लावतो. २३० व्होल्टच्या २००० वॅट कॉइलचा रेझिस्टन्स साधारण २६ ओहम यायला हवा. आकडा आलाच नाही, म्हणजे कॉइल आतून तुटली. हा आकडा तुम्हीही विचारा. ‘कॉइल गेली’ आणि ‘कॉइल मोजली, तुटलेली आहे’ या दोन वाक्यांत पैशांचा फरक असतो.

आपल्याकडच्या पावसाचा एक खास प्रकारही सांगायला हवा. स्विच टाकला की ईएलसीबी खाली पडतो. कॉइलच्या नळीत वायरभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि नळीचं टोक नीट बंद नसेल तर ती हवेतली ओल शोषते. मग करंट बॉडीत गळायला लागतो. जुलै २०१८ च्या पावसात वसई-नालासोपारा पाण्याखाली गेलं, लोकल थांबल्या, अनेक भागांत वीज बंद ठेवावी लागली. अशा दिवसांनंतर, किंवा मशीन बरेच दिवस बंद राहिल्यावर, ते थेट चालू करू नका. पाणी मशीनपर्यंत चढलं असेल तर आधी तपासणी. आणि ईएलसीबी पडतोय म्हणून तोच काढून टाकणारा माणूस भेटला तर त्याला नम्रपणे जिना दाखवा. गळणारा करंट ज्या ओल्या हाताला लागेल, तो हात बहुतेक वेळा मॅनेजरचा नसतो. तो मावशींचा असतो.

खर्च कुठे, बचत कुठे

मशीन भाड्याचं असेल किंवा वॉरंटीत असेल तर स्क्रूला हात लावू नका, पुरवठादाराला फोन करा. स्वतःचं असेल तर लक्षात ठेवा, थर्मोस्टॅट आणि कटआउट हे स्वस्तातले पार्ट, कॉइल त्याहून महाग आणि सर्किट बोर्ड बहुधा सगळ्यात महाग. म्हणून कोणी पहिल्याच भेटीत ‘बोर्ड गेलाय’ म्हटलं तर वरची चार स्टेशनं करून आला का, ते विचारा. बिलावर तीन गोष्टी घ्या : कुठला पार्ट बदलला, तो का गेला आणि जुना पार्ट परत.

क्षार काढायला सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे आपलं लिंबूफूल चालतं. लिटरभर कोमट पाण्याला साधारण २० ते ३० ग्रॅम. पुस्तिकेत वेगळं काही लिहिलं असेल तर ते ऐका. टाकीत अर्धा तास ठेवा, उकळू नका, मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढा. बोअरचं पाणी असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी हे व्हायलाच हवं.

जाता जाता

पँट्रीच्या भिंतीवर एक कागद चिकटवा. हीटरचा स्विच, मोठा सॉकेट, पाणी, वीस मिनिटं वाट, मग मेकॅनिकचा नंबर. सगळ्यात खाली ठळक अक्षरांत : ‘डायरेक्ट करायचं नाही.’ मॅनेजरची सही असू द्या. उद्या कोणी घाई केली तर मावशींना त्या कागदाकडे बोट दाखवता आलं पाहिजे.